कक्षेतून टिपलेली पृथ्वी, ओळखीच्या शोधात: प्रकल्प नोंदी

१ सप्टेंबर २०२५

आजपासून नोंदी ठेवते आहे. काम असं: आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकातून अंतराळवीरांनी काढलेली चाळीस छायाचित्रं घ्यायची आणि प्रत्येकात पृथ्वीचा कुठला भाग दिसतो ते स्वतः शोधून काढायचं. छायाचित्रं नासाच्या जॉन्सन स्पेस सेंटरच्या सार्वजनिक संग्रहातली आहेत. निवड मी करणार नाही, मैत्रीण करेल. ती फाइलमधली सगळी माहिती पुसून मला फक्त क्रमांक आणि लेन्सची फोकल लेंथ देणार (मिलिमीटरमधलं माप, जितकं मोठं तितका जमिनीचा लहान भाग मोठा दिसतो). तारीख आणि वेळ वेगळ्या पाकिटात. अंदाज आणि त्याची कारणं वहीत लिहून झाल्याशिवाय पाकीट उघडायचं नाही, असं आमचं ठरलं आहे. ठिकाणाचं नाव ती अगदी शेवटी सांगेल.

हे करावंसं का वाटलं? कॅमेऱ्याला वेळ कळते, पण तो कुठे रोखलेला होता ते कळत नाही. वेळेवरून स्थानक त्या क्षणी पृथ्वीवरच्या कुठल्या बिंदूच्या माथ्यावर होतं ते निघतं, बस. अंतराळवीर सरळ खाली पाहत होता की क्षितिजाकडे, हे चित्रातूनच ओळखावं लागतं. स्थानक साधारण ४१५ किलोमीटर उंचीवर असतं. तिथून क्षितिज जमिनीवर मोजलं तर चहूबाजूंना सुमारे २,२०० किलोमीटरवर येतं. म्हणजे वेळ अचूक माहीत असली तरी ४,४०० किलोमीटर व्यासाचं वर्तुळ शोधायला उरतंच.

४ सप्टेंबर

पहिली सहा छायाचित्रं आली. पाहायला बसण्याआधी मोजपट्टी तयार केली, नाहीतर डोंगर आहे की वाळूची लाट, हेच कळत नाही. फुल-फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ मिलिमीटर रुंद असतो. सरळ खाली पाहत असलं तर ३६ ला फोकल लेंथने भागायचं आणि स्थानकाच्या उंचीने गुणायचं. ५० मिलिमीटरच्या लेन्समध्ये साधारण ३०० किलोमीटरचा पट्टा येतो, २०० मध्ये ७५, ४०० मध्ये ३७, ८०० मध्ये जेमतेम १९. कॅमेरा तिरपा असेल तर हे आकडे वाढतात, आणि एकाच चित्राच्या जवळच्या नि लांबच्या कडेचं माप वेगळं होतं. हा हिशेब भिंतीवर लावून ठेवला आहे.

छायाचित्र २ मिनिटभरात सुटलं. एक मोठं सरोवर, अर्धं हिरवट निळं, अर्धं गुलाबीसर, आणि दोन रंगांच्या मधली रेघ पट्टीने आखल्यासारखी सरळ. निसर्ग एवढी सरळ रेघ पाण्यात ओढत नाही. अमेरिकेतलं ग्रेट सॉल्ट लेक. १९५९ मध्ये बांधलेल्या रेल्वेच्या भरावाने त्याचे दोन भाग पाडले. नद्यांचं गोडं पाणी दक्षिणेच्या भागात येतं, उत्तरेच्या भागात क्षार साचत गेले आणि तिथे फक्त खारटपणात तगणारे सूक्ष्मजीव उरले. गुलाबी रंग त्यांचाच.

छायाचित्र १, ३ आणि ५ यांत किनारे ओळखीचे होते. त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

७ सप्टेंबर

छायाचित्र ४ ने तीन दिवस घेतले, आणि ते तीन दिवस कारणी लागले.

काळसर हिरवे डोंगर, त्यात बोटं खुपसल्यासारखं आत शिरलेलं समुद्राचं पाणी, माथ्यांवर बर्फ. पाहताक्षणी मनात नॉर्वे आलं. लिहूनही टाकलं. मग जाणवलं की ‘कशासारखं दिसतं’ याच प्रश्नाचं उत्तर मी लिहिलं आहे. ‘कुठे असू शकतं’ हे विचारलंच नाही.

स्थानकाची कक्षा विषुववृत्ताशी ५१.६ अंशांचा कोन करते. त्यामुळे ५१.६ अंश उत्तर आणि ५१.६ अंश दक्षिण यांच्या पलीकडे ते कधीच कुणाच्या माथ्यावर येत नाही. नॉर्वेचं दक्षिण टोकच ५८ अंशांवर आहे. तिथला कुठलाही फियोर्ड, म्हणजे डोंगरांत असा आत शिरलेला समुद्राचा चिंचोळा फाटा, टिपायचा तर निदान सातशे किलोमीटर लांबून, तिरपा टिपावा लागेल. तिरप्या छायाचित्रात लांबची कड निळसर धुक्यात जाते आणि बेटं चपटी होतात. माझ्या चित्रात चारही कोपरे सारखेच स्वच्छ होते. कॅमेरा जवळजवळ सरळ खाली रोखलेला. नॉर्वे बाद. अलास्काही बाद.

सरळ खाली दिसू शकतील असे फियोर्ड उरतात थोडे: ब्रिटिश कोलंबियाचा दक्षिणेकडचा किनारा, न्यूझीलंडचं फियोर्डलँड, चिलीचा पॅटागोनिया, आणि हिंदी महासागराच्या दक्षिण टोकाला असलेलं केर्गेलेन. आता चित्राच्या दुसऱ्या बाजूकडे पाहिलं. डोंगर ओलांडताच हिरवळ संपते आणि तपकिरी, कोरडा प्रदेश लागतो. त्यात मोठी सरोवरं, पाणी दूध घातल्यासारखं फिकट निळं. हिमनदी खडक दळते, तो पिठासारखा बारीक गाळ पाण्यात तरंगत राहतो आणि हा रंग येतो. दोन्हींच्या मधे बर्फाचा अखंड पट्टा, आणि त्याच्या जिभा थेट सरोवरांत उतरलेल्या. एवढा मोठा बर्फ न्यूझीलंडच्या फियोर्डलँडमध्ये नाही. केर्गेलेनला बर्फ आहे, पण असा कोरडा रुंद प्रदेश नाही. पॅटागोनियाचं दक्षिण हिमक्षेत्र, आणि फिकट सरोवरांतलं एक लागो व्हिएद्मा.

यातून एक हत्यार हाती लागलं. पॅटागोनियात ओले वारे पश्चिमेकडून येतात, पाऊस त्याच बाजूला सांडतो. म्हणजे ओली बाजू पश्चिम. चित्रात ती खाली होती. अंतराळवीराच्या छायाचित्रात उत्तर वर असतेच असं नाही, किंबहुना क्वचितच असते. तिथे वर-खाली असं काही नसतंच, कॅमेरा हातात येईल तसा धरला जातो. उत्तर शोधणं ही पहिली पायरी आहे, मी तिला शेवटची समजत होते.

९ सप्टेंबर

दुसरा संच, ७ ते १२.

छायाचित्र ८: शेकडो हिरवी वर्तुळं. मधोमध खांब आणि त्याभोवती घड्याळाच्या काट्यासारखा फिरणारा लांब पाइप, अशा सिंचनामुळे शेतं गोल होतात. मी लगेच कॅन्सस लिहिलं. मैत्रिणीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, “अगं, वर्तुळं पाहिलीस, पण वर्तुळांच्या मधे काय आहे ते पाहिलंस का?”

पाहिलं नव्हतं. कॅन्ससमध्ये जमिनीची आखणी एक मैलाच्या, म्हणजे १.६ किलोमीटरच्या चौकोनांत झाली आहे. त्याच्या पाव भागात एक वर्तुळ बसतं, व्यास साधारण ८०० मीटर. चौकोनांच्या कडेने रस्ते जातात आणि वर्तुळाबाहेरच्या कोपऱ्यांतही काही ना काही उगवलेलं असतं. या चित्रात वर्तुळांच्या मधे फिकट वाळू आणि दुसरं काही नाही. माझ्या मापाने वर्तुळ जवळजवळ एक किलोमीटरचं. वाळवंटात, रस्त्यांच्या जाळ्याशिवाय, आणि आसपास नदीचा मागमूस नाही, म्हणजे पाणी जमिनीखालून काढलेलं. सहारा किंवा अरबस्तान. वर्तुळांची मांडणी नकाशाशी ताडून पाहिली, लिबियातलं कुफ्रा निघालं. तिथलं पाणी न्युबियन वालुकाश्मातलं आहे, फार पूर्वी सहाऱ्यात पाऊस पडत होता तेव्हा मुरलेलं.

१० सप्टेंबर

छायाचित्र ११. लाल वाळूच्या समांतर रेघा, कंगव्याने ओढल्यासारख्या. ४०० मिलिमीटरची लेन्स. आधी नामिब वाटलं, कारण लाल वाळू म्हटलं की तेच डोळ्यांसमोर येतं. पण भिंतीवरचा हिशेब सांगतो की चित्राची रुंदी ३७ किलोमीटर आहे. रेघा मोजल्या: रेघांना आडवं जाताना पन्नासच्या वर. दोन रेघांमध्ये सुमारे ७०० मीटर. नामिबमधल्या मोठ्या टेकड्या याहून बऱ्याच लांब लांब असतात, त्यांची उंची ३०० मीटरच्याही वर जाते. इतक्या दाट, ठेंगण्या रेघा ऑस्ट्रेलियाच्या सिम्पसन वाळवंटात असतात, आणि आफ्रिकेच्या कलहारीतही. दोन्हींकडे लाल वाळू, दोन्हींकडे मधे मधे पांढऱ्या क्षारांचे कोरडे तलाव.

दिवसभर पाहूनही फरक करता येईना. शेवटी वहीत ‘सिम्पसन किंवा कलहारी’ असं लिहून पाकीट उघडलं. वेळ ग्रीनिचप्रमाणे ००:३०. त्या वेळी कलहारीत मध्यरात्र उलटून गेलेली असते. सिम्पसनमध्ये सूर्यावरून पाहिलं तर सकाळचे साडेनऊ. संपलं! ठिकाण आणि ऊन यांचं नातं इतकं साधं आहे, आणि तरी मला ते आधी सुचलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट दिसली ती लिहून ठेवते. या रेघा कुठे कुठे एकमेकींना मिळतात आणि इंग्रजी वाय अक्षरासारखा आकार होतो. वाय बहुतेक वेळा ज्या बाजूने वारा येतो त्या बाजूला उघडा असतो. सिम्पसनमध्ये या टेकड्या घडवणारा वारा दक्षिण-आग्नेयेकडून येतो. म्हणजे चित्रातले वाय जिकडे उघडतात तिकडे दक्षिण. पुढच्या वाळवंटात आधी वाय शोधायचे.

१२ सप्टेंबर

तिसरा संच. १३, १४ आणि १६ तासाभरात. १७ वर अडकले.

लेन्स २०० मिलिमीटर. पूर्ण चित्रभर तपकिरी, उजाड डोंगर. मधून वरपासून खालपर्यंत एक जाड मुख्य धार, तिला दोन्हीकडून फांद्या फुटलेल्या, त्या फांद्यांना आणखी फांद्या. पानाच्या शिरांसारखं. धारांच्या मधली जमीन सपाट, फिकट. समुद्र नाही, शहर ओळखू येत नाही. मुख्य धारेच्या माथ्यावर बारीक हिरवे ठिपके.

डोंगररांगा इतक्या नियमित शाखा काढत नाहीत, हे तेव्हाच खटकायला हवं होतं. मी अल्जीरियातल्या अहग्गारपासून इराणच्या झाग्रोसपर्यंत सगळे उजाड डोंगर पालथे घातले. झाग्रोसच्या घड्या लांबट आणि समांतर असतात, फांद्या फुटत नाहीत. अहग्गारचा खडक काळपट. काहीच जुळलं नाही.

१४ सप्टेंबर

१७ पुन्हा. तिबेटच्या कडेपासून अफगाणिस्तानापर्यंत. काही नाही.

१६ सप्टेंबर

१७ बाजूला ठेवून १९ आणि २० घेतली.

१९ मादागास्कर आहे, वायव्य किनाऱ्यावरचं बेत्सिबोका नदीचं मुख. तांबडी माती वाहून आणणारं पाणी आणि मुखातली लांबट बेटं, दुसरं काही असूच शकत नाही.

२० जास्त विचार करायला लावणारं. वाळवंटात निळी सरोवरं, कडा फाटलेल्या कागदासारख्या, बाजूला एक मोठं, फांद्याफांद्यांचं जलाशय. जलाशय म्हणजे नाईलवरचं लेक नासर, ते मी ओळखलं. पण त्याच्या पश्चिमेला सरोवरं? माझ्याकडच्या नकाशात तिथे कोरी वाळू. संगणकावरच्या उपग्रह चित्रात सरोवरं होती, पण आकार माझ्या छायाचित्राशी जुळत नव्हते. घोळ माझ्या समजुतीत होता. ही तोश्काची सरोवरं. लेक नासर काठोकाठ भरलं की जादा पाणी एका कालव्याने पश्चिमेच्या खोलगट भागात सोडतात. १९९० च्या दशकाच्या अखेरीस पाणी तिथे शिरलं आणि वाळवंटात सरोवरांची माळ उभी राहिली. मग पुढची काही वर्षं पूर आले नाहीत, उन्हाने ती आटत गेली, २०१२ पर्यंत थोडंसं पाणी उरलं होतं. २०१९ नंतर नाईलला पुन्हा मोठे पूर आले आणि ती परत भरली. म्हणजे इथे ठिकाण ओळखण्याबरोबर वर्षाचाही अंदाज बांधता येतो. पाण्याच्या कडेभोवती वाळलेल्या गाळाचं कडं नव्हतं, म्हणजे आटायला सुरुवात झालेली नव्हती. २००० च्या आसपासचं, असं लिहिलं. पाकिटात २००१.

आटत गेलेल्या अरल समुद्राचंही असंच. किनाऱ्याचा आकार नकाशाशी जुळत नाही म्हणून कुणी ते छायाचित्र अरलचं नाही असं म्हणेल, तर चूक नकाशाच्या वर्षात असेल. यापुढे कुठल्याही सरोवराचा आकार ताडताना नकाशा कधीचा आहे ते आधी पाहणार.

२० सप्टेंबर

छायाचित्र २२, रात्रीचं. रात्री डोंगर नाहीत, रंग नाहीत, नदीही बहुधा नाही. फक्त माणसांनी लावलेले दिवे. नवशिक्यासाठी हे सर्वांत अवघड, असं मला वाटत होतं. वस्तुतः तसं नाही, कारण दिव्यांना स्वभाव असतो. कुठे जुने सोडियमचे पिवळे, कुठे नवे पांढरे. बर्लिनची फाळणी १९९० मध्ये संपली, तरी त्यानंतर दोन दशकांनी काढलेल्या छायाचित्रांत शहराची पूर्व बाजू पिवळी आणि पश्चिम बाजू पांढरट दिसते, कारण दोन्हीकडच्या पथदिव्यांची जात वेगळी राहिली.

२२ मध्ये एक मोठं पिवळं-पांढरं शहर, काळ्या पाण्याच्या टोकाला. आणि पाण्याच्या बाजूला, किनाऱ्यापासून चांगलं आत, पाचूसारखे हिरवे डाग पसरलेले. आधी ध्रुवीय प्रकाशाचा विचार केला, पण तो पडद्यासारखा वर उठलेला दिसतो, आणि हे डाग पाण्याच्या पातळीवर विखुरलेले होते. हे मासेमारीच्या बोटींचे दिवे. माकुळं उजेडाकडे येतात म्हणून बोटींवर प्रखर हिरवे दिवे लावतात. शहर बँकॉक, पाणी थायलंडच्या आखाताचं. शहरांचे दिवे अनेक वर्षं एकाच जागी असतात, पण या बोटींचे डाग दुसऱ्या रात्री दुसरीकडे असणार. म्हणून जुळवणी शहरावरूनच करायची.

माद्रिदच्या कोम्प्लुतेन्से विद्यापीठाने ‘सिटीज ॲट नाइट’ नावाचा प्रकल्प चालवला, त्यात हजारो सामान्य लोकांनी अशीच रात्रीची शहरं ओळखून दिली. मी आत्ता जे एका चित्रावर केलं ते कुणीतरी रात्रीमागून रात्र केलं आहे. उजेडाचं प्रदूषण मोजायला ही चित्रं लागतात, आणि कुठलं शहर हेच माहीत नसेल तर चित्र कितीही सुंदर असो, मोजायला निरुपयोगी. हे वाचल्यापासून माझं काम मला जास्त मोलाचं वाटतं.

२३ सप्टेंबर

१७ उलगडायला लागलं. घाईघाईत लिहिते आहे, शुद्धलेखन नंतर पाहीन.

सकाळी मैत्रिणीला चित्राचं वर्णन करून सांगत होते. “मुख्य धारेच्या माथ्यावर शेतं आहेत,” असं म्हणाले आणि माझं मलाच ते वाक्य ऐकू आलं. उजाड प्रदेशात, जिथे उतारावर गवताचं पातंही नाही, तिथे शेतं डोंगराच्या माथ्यावर? पाणी माथ्यावर साचत नाही, तळाला साचतं. हिरवं आहे तो तळ. मी ज्याला धार म्हणत होते ती दरी आहे.

चित्र १८० अंशांत फिरवलं. क्षणात सगळं आत गेलं! पानाच्या शिरा खोल खोदल्या गेल्या आणि ‘फिकट सपाट जमीन’ म्हणजे वरचं पठार झालं. डोंगररांगा फांद्या काढत नाहीत, दऱ्या काढतात. दहा दिवस मी उलटं जग पाहत होते.

असं का होतं तेही आज नीट समजून घेतलं. आपला मेंदू उजेड वरून येतो असं धरून चालतो, कारण जमिनीवर उभं असताना तो वरूनच येतो. छायाचित्रात उजेड खालच्या कडेकडून येत असेल तर सावलीची बाजू उलटते आणि खड्डा उंचवट्यासारखा, उंचवटा खड्ड्यासारखा दिसतो. उत्तर गोलार्धात सूर्य बराच वेळ दक्षिणेकडे असतो. त्यामुळे उत्तर वर ठेवून लावलेल्या चित्रातही हा भ्रम हमखास होतो.

खात्रीसाठी दुसरा पुरावा हवा होता. कोपऱ्यात एक ढगाचा पुंजका होता, अगदी छोटा, मी तो आधी पांढरा खडक समजून सोडून दिलेला. ढग कुठल्याही भ्रमात जमिनीच्या वरच असतो. त्याची सावली त्याच्या वरच्या बाजूला, मूळ चित्रात. म्हणजे उजेड खरोखर खालून. आता प्रत्येक चित्रात पहिल्यांदा ढग आणि त्याची सावली शोधायची.

२४ सप्टेंबर

आता प्रश्न बदलला: झाडाच्या फांद्यांसारख्या दऱ्यांनी कापलेलं उजाड पठार, मुख्य दरीचा तळ रुंद आणि त्यात शेतं, पण पाण्याची सलग रेघ नाही.

कोलोरॅडो पठार? तिथल्या दरीत नदी दिसते आणि तळाला शेतीएवढी जागा क्वचित. चीनचं लोएस, म्हणजे वाऱ्याने आणलेल्या मातीचं, पठार? तिथे उतारांना पायऱ्या पाडलेल्या असतात आणि वरची जमीनही कसलेली. नामिबियाचा फिश रिव्हर कॅन्यन? त्याला एवढ्या शाखा नाहीत, आणि शेती नाही. उरलं ते दक्षिण अरबस्तान. येमेनमधली वादी हद्रमौत. वादी म्हणजे एरवी कोरडी असणारी दरी.

जितकं पाहावं तितकं जुळतं. चुनखडीचं पठार, सुमारे ३०० मीटर खोल कडे, तळाला गाळाची सुपीक जमीन आणि जमिनीखाली पाणी. नदी नाही, पाऊस झाला की तेवढ्यापुरता प्रवाह. आणि एक विलक्षण गोष्ट: साधारण दऱ्या खाली जाताना रुंदावतात, ही पश्चिमेला रुंद आहे आणि पूर्वेकडे, म्हणजे प्रवाहाच्या दिशेने, अरुंद होत जाते. माझ्या चित्रातही मुख्य दरी एका टोकाला रुंद होती. मी रुंद टोक ते खालचं, असं धरलं असतं तर पुन्हा सगळं उलटं झालं असतं. याच तळात शिबाम आहे, मातीच्या विटांच्या अनेकमजली घरांचं शहर, १९८२ पासून जागतिक वारशाच्या यादीत. या मापाच्या चित्रात ती उंच घरं ठिपकाही होत नाहीत.

वहीत ‘वादी हद्रमौत’ लिहिलं आणि पाकीट उघडलं. मार्चचा शेवटचा आठवडा, ग्रीनिच ०४:२०. तिथलं रेखावृत्त ४९ अंश पूर्व, प्रत्येक अंशाला चार मिनिटं, म्हणजे सव्वातीन तास पुढे: सूर्यावरून चालणाऱ्या घड्याळात सकाळचे साडेसात. मार्चअखेर त्या वेळी सूर्य जवळजवळ नेमका पूर्वेला, क्षितिजापासून तेवीस अंशांच्या आसपास. ३०० मीटरच्या कड्याची सावली ७०० मीटर पडायला हवी. चित्रात मोजली, ठळक कड्यांपाशी तेवढीच येते.

आणि उजेड चित्राच्या खालच्या कडेकडून. म्हणजे खाली पूर्व, वर पश्चिम, उजवीकडे उत्तर. मुख्य दरी वरून खाली, म्हणजे पश्चिमेकडून पूर्वेकडे. हद्रमौत तशीच जाते, किनाऱ्याला समांतर, मग आग्नेयेला वळून समुद्राला मिळते.

२५ सप्टेंबर

आनंदाला आज खीळ बसली. त्या वेळी स्थानक कुठे होतं ते काढायला बसले, तर बिंदू आला अरबी समुद्राच्या मध्याच्याही पलीकडे, दरीपासून पंधराशे किलोमीटरवर. एवढ्या अंतरावरून चित्र फारच तिरपं दिसलं असतं. दिसत नाही.

दोन तास अंदाजालाच दोष देत बसले. मग ज्या आकड्यांवरून स्थानकाची कक्षा आणि जागा काढतात, त्या कक्षेच्या आकड्यांची तारीख पाहिली. मी छायाचित्राच्या पाच आठवडे आधीचे आकडे घेतले होते. स्थानक ज्या उंचीवरून जातं तिथेही विरळ हवा आहे, तिच्या घर्षणाने ते हळूहळू खाली येतं आणि मधूनच इंजिन पेटवून ते वर ढकलावं लागतं. या दोन्हींमुळे जुने आकडे काही दिवसांतच बिघडतात. स्थानकाचा जमिनीवरचा बिंदू सेकंदाला सात किलोमीटरहून जास्त सरकतो. वेळेत एका मिनिटाची चूक म्हणजे सव्वाचारशे किलोमीटरची चूक. साडेतीन मिनिटांत पंधराशे किलोमीटर झालेच.

त्याच दिवसाचे आकडे मिळवून पुन्हा गणित केलं. बिंदू एडनच्या आखातावर, दरीच्या दक्षिणेला २८० किलोमीटर. थोडा तिरपा, उत्तरेकडे पाहणारा कॅमेरा. चित्राची उत्तरेची, म्हणजे उजवी कड डावीपेक्षा किंचित फिकट आहे, ती याच कारणाने. आधी मी ते लेन्सचं काहीतरी समजले होते.

२८ सप्टेंबर

दोन दिवस शाखा जुळवण्यात गेले. दक्षिणेकडून येणारी वादी दोआन नकाशावर शोधली, चित्रात डावीकडून येणाऱ्या सर्वांत लांब दरीवर ठेवली आणि मग एकेक फाटा ताडत गेले. सतरा फाटे जुळले, दोन संशयित. तिरपेपणामुळे उत्तरेकडची अंतरं आखडलेली आहेत, ती सरळ करून घेतल्यावर संशयितांपैकी एक जुळला.

मैत्रिणीला कळवलं. तिने संग्रहातली नोंद उघडून वाचून दाखवली: हद्रमौत, येमेन. मग म्हणाली, “तू १२ तारखेला डोंगर म्हणालीस ना, तेव्हाच मला सांगावंसं वाटत होतं.” न सांगितल्याबद्दल तिचे मनापासून आभार मानले.

नोंदीतला मध्यबिंदू माझ्या बिंदूपासून नऊ किलोमीटरवर आहे. आधी वाटलं मीच चुकले, पण तिरप्या चित्राचा मध्य कुठला धरायचा यातच तेवढा फरक पडतो. माझा बिंदू बदललेला नाही, दोन्ही लिहून ठेवले आहेत.

या धड्यानंतर १५ आणि १८ पुन्हा काढली. ती ‘सुटली’ अशी खूण होती, पण ढगाची सावली तेव्हा पाहिलीच नव्हती. १५ ठीक आहे. १८ मध्ये मी ज्याला ज्वालामुखीचा उंचवटा म्हटलं होतं तो खळगा आहे, त्यामुळे अंदाज खोडला. पाकीट उघडलेलं असल्याने वेळ माहीत आहेच, ठिकाण नव्याने शोधते.

३० सप्टेंबर

चौथ्या संचातलं २३. ८०० मिलिमीटरची लेन्स, म्हणजे फक्त १९ किलोमीटर रुंदी. राखाडी जमीन, एक वळणदार काळा पट्टा, दोन पांढरे चौकोन. ढग नाही, त्यामुळे सावली नाही. वाय नाहीत. चौकोनांच्या कडा सरळ आहेत, मिठागरं असावीत असं वाटतं, पण एवढ्यावरून लिहिणार नाही. काळा पट्टा लाव्हा आहे की पाणी, ते आधी ठरवायला हवं. पाणी असेल तर कुठेतरी सूर्याची चमक सापडेल. चित्र मोठं करून उजव्या कडेपासून तपासायला सुरुवात केली आहे, एक तृतीयांश झालं.